‘आपलीच जागा आहे’ म्हणजे नक्की कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडचं पन्नाशीतलं जोडपं, दोघांचंही सगळं आयुष्य मुंबईत गेलेलं. डोंगरात सुट्टीपुरतं एक घर घ्यायचं आहे. दोन जागा मनात भरल्यात: एक मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे, आणि दुसरी आंबोलीजवळ. मुळशीच्या एजंटाने बजावलंय, “साहेब, गावात तुम्ही तोंड उघडू नका. बोलण्यावरून मुंबईचे कळता, लगेच भाव चढतो.” म्हणून ते विचारतात की गावची बोली थोडी शिकून घेतली तर उपयोग होईल का, आणि त्याखेरीज काय काय बघायचं?

मी वकील आहे. गेली सत्तावीस वर्षं जमिनींचे टायटल सर्च (मालकीची कागदोपत्री तपासणी) करते, त्यातली निम्मी तरी सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरची. माहेर सावंतवाडीकडचं, सासर कोल्हापूरचं, वाढले लालबागच्या चाळीत. त्यामुळे बोलींचा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलते, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मुंबईचे आहात हे तुम्ही तोंड उघडायच्या आधीच कळलेलं असतं. गाडीचा नंबर, शनिवारची सकाळ, पायातले बूट, उतरल्या उतरल्या मोबाइलवर काढलेला डोंगराचा फोटो. त्यावर तुम्ही “मी त्यांना बोललो” म्हणालात काय आणि “म्हणालो” म्हणालात काय, फरक शून्य. (हो, आपण मुंबईकर ‘बोललो’ म्हणतो आणि वस्तू ‘मिळत’ नाही तर ‘भेटते’. घाटावर त्यावर हसतात. हसू द्या.) आणि भावाचं म्हणाल तर तो तुमच्या उच्चारावर सोडायची गरजच नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर टाकून आजूबाजूच्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) काढा, वार्षिक मूल्यदर तक्त्यातला सरकारी दर बघा. कागदावरची रक्कम कमी दाखवलेली असू शकते, पण तीन-चार व्यवहार एकाखाली एक ठेवले की अंदाज येतो. हे दोन संध्याकाळचं काम आहे आणि कुठलीही बोली शिकण्यापेक्षा सोपं.

मला काळजी वेगळीच वाटते. जो एजंट तुम्हाला बोलू नका म्हणतो, तो तुम्हाला ऐकूही देत नाही. आणि जमिनीचा खरा इतिहास आधी गावच्या तोंडात असतो, मग तलाठ्याच्या दप्तरात.

‘आपली’ हा एकच शब्द घ्या. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’मध्ये समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. पण जमिनीच्या बोलण्यात ‘आपली’ला आणखी तीन-चार अर्थ फुटतात. “आपलीच जागा आहे साहेब” हे मालकही म्हणतो, मालकाचा चुलतभाऊही म्हणतो, आणि ज्याचा त्या जमिनीशी दलालीपुरता संबंध आहे तो तर हमखास म्हणतो. कधी त्याचा अर्थ ‘माझी’, कधी ‘आमच्या भावकीची’, कधी ‘अख्ख्या गावाची’, आणि कधी नुसतंच ‘ओळखीतली, काळजी करू नका’. तेव्हा ‘आपली’ ऐकलं की तिथल्या तिथे, हसत, पुढचा प्रश्न टाकायचा: “आपली म्हणजे सातबाऱ्यावर कुणाकुणाचं नाव आहे?” बहुतेक वेळा दोन सेकंद शांतता होते. त्या दोन सेकंदांत मला जे कळतं ते पुढे महिनाभर कागद चाळून पक्कं होतं.

दुसरा शब्द ‘कसणं’. वीसेक वर्षांपूर्वी मुळशीतच एका अशिलाबरोबर जागा बघायला गेले होते. एजंट, मालक, अशील असे तिघे बांधावर उभे राहून गुंठ्यांचा हिशेब करत होते. मी मागे एका पडवीत चहा घेत बसले. चहा देणाऱ्या आजींना सहज विचारलं, “ही खालची खाचरं कोण करतं?” आजी म्हणाल्या, “आमीच कसतोय की. माझ्या सासऱ्यापासनं.” मालक पुण्यात राहणारा, सातबाऱ्यावर फक्त त्याचं नाव, व्यवहार वरवर स्वच्छ. मी जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढले. पन्नासच्या दशकात आजींच्या सासऱ्यांचं नाव कूळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) म्हणून लागलेलं होतं आणि पुढच्या एका उताऱ्यात ते गायब होतं. कमी करण्याचा फेरफारच नव्हता. कुळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो काही अपवाद सोडले तर कायद्यानेच खरेदीदार मानला जातो. म्हणजे जमीन विकायला निघालेला माणूस ती विकू शकतो की नाही, हाच मुळात प्रश्न. अशिलाने इसार दिलेला नव्हता, म्हणून वाचला. आजींना ‘कूळ’ हा शब्द माहीत होता की नाही कोण जाणे. त्यांनी फक्त खरं ते सांगितलं. चहाला थांबले नसते तर माझा सर्च रिपोर्ट “टायटल स्वच्छ” असाच गेला असता.

तसाच एक अनुभव उलट बाजूचा, जो मला आजही खुपतो. मी नवीन होते. विकणारे तीन भाऊ, वडील वारलेले, वारस नोंदीवर तिघांचीच नावं. बहिणींचं विचारलं तर थोरला म्हणाला, “बहिणी काय, दिल्या घरी सुखी हायेत. त्या काय मागत न्हाईत.” मी ते माणुसकीचं वाक्य म्हणून ऐकलं, कायद्याचं म्हणून नाही. पाच वर्षांनी दोन बहिणींनी वाटपाचा दावा लावला आणि माझ्या अशिलाने त्याच जमिनीसाठी तडजोडीत पुन्हा पैसे मोजले. आज हेच वाक्य ऐकलं की मी लेखणी खाली ठेवते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क महाराष्ट्रात 1994च्या दुरुस्तीने आणि देशभर 9 सप्टेंबर 2005पासून आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. आणि बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी त्याही आधीपासून वारस आहेच. तेव्हा प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. “मागत न्हाईत” म्हणजे ‘अजून कुणी विचारलेलं नाही’ एवढंच.

अशी वाक्यं तुम्हाला मुळशीत बरीच ऐकू येतील. “तोंडी वाटप झालंय, ज्यानं त्यानं आपापलं धरलंय” म्हणजे सातबारा सामाईक आहे आणि तुम्हाला दाखवलेला तुकडा कागदावर अस्तित्वातच नाही. “वर फारेष्ट लागलंय थोडं” म्हणजे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा फेरफारात खाजगी वनाची नोंद असण्याची दाट शक्यता. तुम्ही मुलुंडचे, खाजगी वन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. 1975च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे (खाजगी मालकीची वनं त्याने सरकारकडे घेतली) मुलुंडच्या कितीतरी सोसायट्या वर्षानुवर्षं टांगणीला लागल्या होत्या आणि जानेवारी 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटल्या. पण त्या निकालाच्या जोरावर डोंगरातला प्रत्येक ‘फारेष्ट’चा गट सुटला असं जो सांगेल, त्याच्याकडून त्या गटाचे वनखात्याचे कागद मागा. “पेपर होतील” हे उत्तर नव्हे. “पानी बारमाही हाय” यावर एकच प्रश्न: मे महिन्यात कुठून भरता? आणि “गाडी दारापर्यंत येते” यावर: जुलैत येते का? गाडीची वाट दुसऱ्याच्या खाचरातून जात असेल तर ती वहिवाटीची आहे की नुसती भल्या मनाची, हे बघा. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सुट्टीच्या घरासाठी तहसील कचेरीच्या तारखा घ्यायची हौस कुणाला असते?

मुळशीबद्दल आणखी एक, कारण तुम्ही मुंबईचे असण्याला तिथे एक जुना संदर्भ आहे. मुळशीचं धरण मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधलं गेलं. त्याविरुद्ध 1921 साली सत्याग्रह उभा राहिला, पांडुरंग महादेव बापट तिथेच ‘सेनापती’ झाले. मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ती गेलीच. हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं खरं, पण त्यानंतरही तिथे डोंगरच्या डोंगर मुंबई-पुण्याच्या नावांवर झाले. तेव्हा “मुंबईचे का?” या प्रश्नात नेहमी भाव वाढवायचा डावच असतो असं समजू नका. कधी त्यात नुसती सावधगिरी असते. सरळ सांगा, मुलुंडचे आहोत, दोघंच आहोत, महिन्यातून दोनदा येऊ.

आणि बोलीची नक्कल तर मुळीच करू नका. माझा एक अशील, गिरगावात जन्मलेला, नाटकं बघून बघून मालवणी शिकलेला. कुडाळकडे एका म्हाताऱ्या घरमालकासमोर त्याने गाऱ्हाणं घातल्याच्या सुरात सुरुवात केली, “काय मगे आजोबानु, जमीन इकतास काय?” म्हातारे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा पुसला आणि अगदी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, “आपण बसावं. कशासाठी येणं केलंत?” त्या दिवशी जमिनीचा विषय निघालाच नाही. बोली ही त्या माणसाच्या घरातली भाषा असते. आमंत्रणाशिवाय आत शिरलं की चोरीच वाटते. आणि आपल्याला ती येते असं दाखवलं की समोरचा आपली भाषा बदलून शहरी मराठीत बोलू लागतो. म्हणजे जे ऐकायला गेलात तेच बंद.

समजण्यापुरता कान मात्र तयार करा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर ऐकता येतात. घाट उतरताना गाडीत लावून ठेवा. गैरसमज किती साध्या गोष्टींतून होतात बघा. मालवणी मुलुखात घरातल्या वडीलधाऱ्यालाही ‘तू’ म्हणतात, त्यात अपमान नाही, तुम्हाला कुणी “तू खंयसून इलंस?” विचारलं तर चेहरा पाडू नका. तुम्ही मात्र ‘तुम्ही’वरच राहा. माझ्या सासूबाई “मी जेवलो, मी आलो” म्हणायच्या, कोल्हापूरकडे बायका तसंच बोलतात. लग्नानंतर पहिला महिना मी मान वळवून बघायचे की सासरे बोलले का. घाटावर “बघू की” म्हणजे नव्वद टक्के नाही. तुम्ही मुंबईला परत येऊन दोन आठवडे फोनची वाट बघत बसता, आणि ते गावात म्हणत असतात, “नाय म्हणून सांगितलं होतं की.”

जिथे विकणारा बोलतच नाही, तिथून मात्र निघा. मुळशीत आणि कोकणपट्टीत कातकरी, ठाकर वस्त्या आहेत. मधला माणूस सगळं बोलतोय, मालक कोपऱ्यात उकिडवा बसलाय आणि खिशात कुलमुखत्यारपत्र आधीच तयार आहे, हे चित्र मी पुष्कळदा पाहिलंय. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर महसूल अधिनियमाच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. ती नसेल तर जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते, आणि जायलाच हवी.

आता आंबोली. इथे मी माहेरची म्हणून थोडं हात राखून बोलेन असं वाटलं असेल, पण उलट आहे. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तीन गावांत ‘कबुलायतदार गावकर’ म्हणून जमिनींचा जुना प्रश्न आहे. सावंतवाडी संस्थानाच्या काळात गावकऱ्यांनी कबुलायत (करारपत्र) देऊन जमीन सामाईक धरलेली. पुढे ती सरकारच्या नावे लागली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, शेती करणारे लोक, पण वैयक्तिक सातबारा नाही. वाटपाच्या बैठका होतात, निर्णय होतात, अंमलबजावणी रखडत जाते. तिथे कुणी म्हणेल, “घर आमचां, पन जमीन गावाची.” एवढं प्रामाणिक वाक्य तुम्हाला मुंबईच्या कुठल्याही बिल्डरकडून ऐकायला मिळणार नाही, आणि ते ऐकून तुम्ही नमस्कार करून उठायचं आहे. घर असेल, घरपट्टी भरलेली असेल, विजेचं मीटर असेल. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. पन्नास वर्षांची घरपट्टीची पावती हातात घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मला त्यांचा उत्साह मोडावा लागतो.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा होता, तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही: तुम्ही दोघांपैकी कुणी शेतकरी खातेदार आहात का? म्हणजे महाराष्ट्रात कुठेतरी तुमच्या नावावर शेतजमीन आहे का? नसेल तर त्याच कुळकायद्याच्या कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि घेतली तर कलम 84क खाली व्यवहार अवैध ठरू शकतो. “दाखला मॅनेज करून देतो” म्हणणारा एजंट भेटेलच. त्या दाखल्यावर घेतलेलं घर तुम्हाला दर पावसाळ्यात झोपू देणार नाही. शेतकरी नसाल तर तुमच्यासाठी दोनच गोष्टी उरतात: रीतसर बिनशेती झालेला प्लॉट, किंवा गावठाणातलं जुनं घर. गावठाणातलं घर हा माझा लाडका पर्याय आहे आणि मुंबईकरांना तो आवडत नाही, कारण तिथून दरी दिसत नाही, शेजाऱ्याची पडवी दिसते. पण पाणी, वीज, वाट आधीच असते, पावसाळ्यात घराकडे कुणाचं तरी लक्ष असतं, आणि जिथे स्वामित्व योजनेत मोजणी झाली तिथे मालमत्ता पत्रकही मिळतं. दरीच्या काठावरच्या बंगल्याबद्दल मी एवढंच म्हणेन की 2014चं माळीण, 2021चं तळिये आणि 2023ची इरशाळवाडी ही तिन्ही गावं पिढ्यान्‌पिढ्या तिथे होती. जिथे नव्याने डोंगर कापून सपाटी केली आहे, तिथे मागच्या कापलेल्या कड्याकडे बघा, दरीकडे नंतर.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 की 2, हे पहिल्या ओळीत बघा. वर्ग 2 असेल तर विक्रीला सरकारी परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) आला. ‘देवस्थान’, ‘इनाम’, ‘कुळकायदा कलम 43’ असले शेरे असतील तर वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. निदान तीस वर्षांचा सर्च घ्या, आणि मोजणी खरेदीआधी करून घ्या. नंतर करू म्हणणारे सगळे नंतर माझ्याकडेच येतात. मापांचा घोळही लक्षात ठेवा: सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, गावात भाव गुंठ्याने बोलतात, एजंट चौरस फुटांत. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, एकराला 40 गुंठे, आणि आर व गुंठा जवळपास सारखेच. “पाच गुंठे” म्हणून दाखवलेल्या जागेत वाट, ओढा आणि पोटखराब (लागवडीला अयोग्य भाग) धरलाय का, हे टेपने नाही, नकाशाने ठरतं.

तुमच्या पत्नींनी बोली शिकायला सुरुवात केली आहे असं लिहिलंत. छान आहे, चालू ठेवा, फक्त व्यवहारात वापरू नका. त्याऐवजी पुढच्या वेळी एजंटला न सांगता मधल्या वारी जा. बुधवारी वगैरे. एसटी स्टँडवरच्या टपरीत चहा घ्या, गट नंबर नाही, जागेचं नाव विचारा. प्रत्येक खाचराला, सड्याला, टेपाला गावात स्वतःचं नाव असतं, आणि नाव घेतलं की त्यामागून गोष्ट येते: कुणाची होती, कुणी विकली, कोर्टात कोण गेलं. बायका जास्त सांगतात, तेव्हा तिथे त्यांना बोलू द्या, तुम्ही भजी खा.

आंबोलीच्या घराचा नमुना 8 मागवला आहे असं म्हणता. तो आला की त्याच घराखालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर विचारा आणि महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा काढा. त्यावर ‘महाराष्ट्र शासन’ दिसलं तर मला फोन करायचीही गरज नाही. मुळशीचे फेरफार मात्र घेऊन या, 1950पासूनचे. जुने मोडी किंवा पुसट निघाले तरी आणा, आमच्याकडे वाचणारे आहेत.